घर अंधारात बघावं

फेलिसा टिलब्रुकनं भाड्यानं द्यायला म्हणून पहिल्यांदा जे घर पसंत केलं ते इतकं देखणं होतं, की दलालानं तोंड उघडायच्या आधीच तिनं मनातल्या मनात खिडक्यांना पडदे लावून टाकले होते. खिडक्या फक्त दोनच होत्या आणि त्याही पुढच्या अंगाला. पण एकदा मन बसलं की माणूस असलं काही मोजत नाही. वाळवंटातल्या कूबर पीडी या खाणींच्या गावातल्या बहुतेक चांगल्या घरांसारखं तेही टेकडीच्या पोटात खोदलेलं. बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन पत्रे तापवत होतं, आणि आत पाऊल टाकलं की माठातल्या पाण्यासारखा गारवा. भिंतींवर खोदाईच्या यंत्राच्या दातांचे गोल वळसे, दगडात गुलाबी आणि सायीच्या रंगाचे पट्टे, वर चकचकीत लेप. स्वयंपाकघर कोरं करकरीत. आणि सगळ्यात मागे निजायची एक ऐसपैस खोली, एखाद्या संस्थानिकाला शोभावी अशी.

"मला हेच हवंय," फेलिसा म्हणाली.

"थांब," रूझा तेता म्हणाली. ती दलालाकडे वळली. "ए ब्रेंटन, दिवे घालव सगळे. फ्रीज पण बंद कर. आणि पुढचं दार ओढून घे."

रूझित्सा स्टोइनिच हे तिचं पूर्ण नाव, पण ते फक्त पोस्टमनला माहीत. बाकी सगळं गाव तिला तेता म्हणायचं. तिच्या सर्बियन भाषेत तेता म्हणजे मावशी किंवा आत्या. वय बहात्तर, उंची जेमतेम फेलिसाच्या खांद्याएवढी, डोक्याला रुमाल, पायात नवऱ्याचे जुने बूट. गावात तिची पाच घरं भाड्यानं दिलेली होती, आणि त्यातली तीन तिनं स्वतः खोदलेली. फेलिसा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिथली सफाईवाली तिला म्हणाली होती, "तेताला न दाखवता घर घेणं म्हणजे सासू न बघता लग्न करणं." म्हणून फेलिसा तिला घेऊन आली होती. आता मात्र तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

ब्रेंटननं दिवे घालवले, दार ओढलं. अंधार असा पडला, की डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. एकोणीस वर्षं या गावात राहूनही फेलिसाला असल्या अंधाराची सवय झाली नव्हती. हात नाकासमोर धरला तरी तो आपला आहे हे अंदाजानंच ठरवावं लागतं. आधी स्वतःचा श्वास ऐकू येतो, मग स्वतःचं रक्त. तेता मागच्या मोठ्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बसली होती, हे फक्त बुटांच्या आवाजावरून कळलं.

बराच वेळ गेला. ब्रेंटननं घसा खाकरला.

"गप्प रे."

आणि मग फेलिसाला ते ऐकू आलं. कपात चमचा फिरतोय. किणकिण, किणकिण. मग कुणीतरी खोकलं. म्हातारं, कफाचं खोकणं, अगदी उशाशी बसून खोकावं तसं. फेलिसाच्या अंगावर सर्रकन काटा आला. टेकडीच्या पोटात, घराच्या सगळ्यात आतल्या भिंतीतून, माणूस खोकत होता.

तेतानं बुटाच्या टाचेनं भिंतीवर तीनदा ठोकलं.

क्षणभर शांतता. मग भिंतीनं परत तीनदा ठोकलं.

"आई गं!" फेलिसा ओरडली.

"कोण आहे रे तिकडं?" भिंत म्हणाली. "मी अजून मेलो नाही! खोदायचं असेल तर दुसरीकडं जा!"

"आर्विड्स, मी रूझा!" तेता ओरडली. "तुझा चहा झाला का?"

तो टेकडीच्या पलीकडच्या अंगाला राहणारा म्हातारा लॅटव्हियन होता. त्याचं दार दुसऱ्या गल्लीत उघडतं, त्यामुळे तो या घराचा शेजारी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. दिवे लागले तेव्हा ब्रेंटनचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा पडला होता. मोजणीचा नकाशा काढून बघितला तर ती ऐसपैस खोली जवळजवळ सगळी आर्विड्सच्या जमिनीखाली निघाली. आधीचा मालक खोदत खोदत गेला होता. दगड मऊ लागला, हात थांबला नाही. दोन घरांच्या मध्ये भिंत उरली होती ती वीतभर.

"खोली छान आहे," बाहेर उन्हात आल्यावर तेता म्हणाली. "फक्त ती विकायची तर आर्विड्सनं विकायला पाहिजे."

फेलिसा गाडीच्या सावलीत खाली बसली. तेता तिच्या शेजारी बसली आणि तिनं बटव्यातून दोन जर्दाळू काढले.

"तू ते घर कुणाच्या डोळ्यांनी बघितलंस?"

"माझ्याच की."

"तिथंच चुकलीस. तुला राहायचंय का तिथं? नाही ना? मग तुझ्या डोळ्यांचं काय काम? जो भाडं देणार त्याचे डोळे लाव. तो कुठं कामाला जातो, गाडी कुठं उभी करतो, बायको कपडे कुठं वाळत घालते. आणि हे बघ, चांगलं घर सकाळी दहाला सगळ्यांनाच चांगलं दिसतं. भर दुपारी जावं, पाऊस पडला तर पावसात जावं, आणि अंधारात तर जावंच. घर एकटं असलं की खरं बोलतं."

फेलिसा त्या दिवशी घरी गेली ती घर न घेता, पण काहीतरी मोठं बघितल्यासारखी.

तिचा नवरा ग्रॅहम रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा. माणूस मनानं सोन्यासारखा, पण गावातल्या निम्म्या पुरुषांना असते ती बाधा त्यालाही होती. दर शनिवारी तो आपल्या खाणीवर जायचा आणि दर रविवारी पांढऱ्या धुळीनं माखून परत यायचा. आज ना उद्या ओपल हे रंगीत रत्न लागणार म्हणून दोन ट्रक, एक यंत्र आणि फेलिसाचं लग्नातलं मंगळसूत्र म्हणावं असं एकुलतं सोन्याचं लॉकेट त्या खड्ड्यात गेलं होतं. तेव्हापासून फेलिसानं आपला पगार वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली. म्हातारपणी जमिनीच्या लहरीवर जगायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"भाड्याचं घर?" ग्रॅहम हसला होता. "दुसऱ्याचा संडास तुंबला की तू जाणार?"

"जाईन. संडासातून निदान दर महिन्याला काहीतरी येतं. तुझ्या खड्ड्यातून काय येतं?"

तेताची गोष्टही काही वेगळी नव्हती, ती फक्त चाळीस वर्षं जुनी होती. तिचा नवरा राडोमिर तीनदा श्रीमंत झाला होता. तिन्ही वेळा त्यानं सगळ्या गावाला दारू पाजली आणि उरलेलं पुढच्या शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, ओतलं. तिसऱ्यांदा तो ज्या शाफ्टमध्ये उतरला त्याचं छत त्याच्यावर बसलं. तेता तेव्हा तिशीतली होती, इंग्रजीचे चार शब्द येत होते, आणि राहतं घर एवढंच तिच्या नावावर होतं. तिनं काय केलं? घराच्या एका बाजूची भिंत टिकावानं फोडून पलीकडे दोन खोल्या काढल्या, त्यांना वेगळं दार ठेवलं आणि शाळेत नव्यानं आलेल्या मास्तरणीला भाड्यानं दिल्या. सकाळी मोटेलात चादरी धुवायच्या, दुपारी खोदायचं. माती उचलायला गाडा नव्हता म्हणून जुन्या पाळण्याला चाकं लावली होती.

हे तेता सांगायची ती कॉफी ढवळता ढवळता, कुणाला खोकल्यावरचं औषध सांगावं इतक्या सहज. फेलिसा तिच्या हातांकडे बघत राहायची. मनगटं एवढीशी, आणि त्यांनी तीन घरांएवढा डोंगर बाहेर काढून टाकला होता.

पुढं फेलिसानं जे घर घेतलं ते कुरूप होतं. पुढच्या दर्शनी भिंतीचा गिलावा निघालेला, दारात गंजलेला बॉयलर, आत तपकिरी गालिचा. पण ते इस्पितळापासून चालत पाच मिनिटांवर होतं. तेतानं नगरपालिकेतला नकाशा बघितला, मोजणीवाल्याला बोलावलं, डोक्यावर किती दगड आहे ते मोजून घेतलं, हवेच्या पाइपात पेटती काडी धरून धूर वर जातो का बघितला, आणि मग भर दुपारी आत जाऊन दिवे घालवून बसली. फेलिसाही बसली. यावेळी काहीच ऐकू आलं नाही. ती शांतता इतकी दाट होती, की तिला वाटलं, आपण देवळात आलोय. करोडो वर्षांपूर्वी इथं समुद्र होता म्हणतात. त्या समुद्राच्या तळाशी कुणीतरी आपल्याला हळूच आणून ठेवलंय.

"हे घे," अंधारातून तेता म्हणाली. "गालिचा निघतो. डोंगर बदलता येत नाही."

मग अटी आल्या. सगळी शिल्लक घरात घालायची नाही. घर सहा महिने रिकामं राहिलं आणि त्यात पंप जळाला तरी कर्जाचा हप्ता जाईल एवढं बाजूला ठेवायचं आणि त्या पैशांना ग्रॅहमचा वाराही लागू द्यायचा नाही. इथं घराची किंमत वाढेल या भरवशावर काही करायचं नाही. या गावात किमती ओपलच्या भावाबरोबर नाचतात. जे काय मिळायचं ते भाड्यातूनच. अनामत रक्कम आपली नसते, ती सरकारी खात्यात जमा करायची आणि विसरायची. भाडेकरूच्या घरात सांगितल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. आणि सगळ्यात शेवटचं:

"जो सगळ्यात जास्त भाडं देतो म्हणतो ना, त्याच्याकडं दोनदा बघ. माणूस जास्त पैसे कशाचे देतोय ते कळेपर्यंत किल्ली द्यायची नाही."

फेलिसानं सगळं ऐकलं, आणि हे शेवटचं तेवढं ऐकलं नाही.

दोघेजण आले होते. डेस आणि त्याचा भाऊ लॅकी. गावच्या बाहेरून आलेले, बोलायला गोड, केस विंचरलेले. जाहिरातीत मागितलं होतं त्याच्या जवळजवळ दीडपट देऊ म्हणाले, वर तीन महिन्यांचं आगाऊ. फेलिसानं त्यांच्या आधीच्या घरमालकाला फोन करायला हवा होता. डेस म्हणाला, "आधीचा मालक वारला, बिचारा." वारलेल्या माणसाला फोन कसा करणार? त्याच आठवड्यात इस्पितळातली एक नवी नर्सही घर बघून गेली होती, पण ती एकटी, आणि तिला ठरलेल्या भाड्यापेक्षा छदाम जास्त परवडणार नव्हता. फेलिसानं किल्ली भावांना दिली. तेताला सांगताना तिचा आवाज जरा चढलाच.

"तीन महिन्यांचं आगाऊ, तेता!"

तेतानं फक्त कॉफीचा कप उलटा करून बशीत ठेवला. "बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' शिवीपेक्षा वाईट असायचं.

अडीच महिने सगळं गोडीगुलाबीनं चाललं. भाडं आधीच हातात, तक्रार नाही, नळ गळतोय म्हणून फोन नाही. मग एका सकाळी तेता भाजी घ्यायला जाताना त्या घरावरून गेली आणि तिथूनच सरळ इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आली. फेलिसा भात उपसत होती.

"तुझ्या घरासमोरचा मातीचा ढीग बघितलास का एवढ्यात?"

प्रत्येक घरासमोर असतो तसा ढीग तिथंही होता; घर खोदलं तेव्हाची माती, वर्षानुवर्षं उन्हानं करपून पिवळी पडलेली.

"त्याचं काय?"

"त्याच्या डोक्यावर साय आलीय," तेता म्हणाली. "पांढरी. ताजी."

फेलिसाच्या हातातला झारा तसाच राहिला.

मनात आलं तसं लगेच धावत जाता येत नव्हतं. तेतानंच तिला अडवलं. "कायद्यानं जायचं. नोटीस द्यायची, तारीख सांगायची, त्याच तारखेला जायचं. उद्या कोर्टात तुझं खरं असूनही खोटं ठरायला नको." नोटीस दिली. ठरल्या दिवशी सकाळी फेलिसा, तेता आणि रजा काढलेला ग्रॅहम दारात उभे राहिले. दार लॅकीनं उघडलं. डेस गावाला गेला होता म्हणे. घर लख्ख होतं. जरा जास्तच. लॅकी सारखा निजायच्या खोलीतल्या मोठ्या कपाटासमोर जाऊन उभा राहत होता.

"बाळा," तेता त्याला म्हणाली, "सरक जरा. कपाटाला वारा लागू दे."

लॅकी पंचविशीचाही नसेल. त्यानं तेताकडं बघितलं, खांदे पाडले आणि बाजूला झाला. ग्रॅहमनं कपाट ओढलं. मागं भिंतीत माणूस वाकून जाईल एवढं भोक होतं.

गावाच्या हद्दीत ओपलसाठी खोदायला बंदी आहे. पण घराच्या आत कोण बघतं? छोटं यंत्र, दारं लावलेली, माती पोत्यांतून बाहेर. दीडपट भाडं कशाचं होतं ते फेलिसाला आता कळलं. ते घराचं नव्हतंच, घराच्या पोटात काय आहे त्याचं होतं.

ते चौघे वाकून आत गेले. बोगदा बारा-पंधरा पावलं तिरका गेला होता. शेवटाला ग्रॅहमनं टॉर्च भिंतीवर धरला.

भिंतीतून एक रेघ गेली होती. बोटाएवढी जाड, आडवी, सरळ. टॉर्च हलला तशी ती पेटली. आधी हिरवी, मग त्या हिरव्यातून लाल ठिणग्या, मग एकदम मोराच्या गळ्यासारखी निळी. जणू दगडाच्या आत कुणीतरी दिवा घेऊन चालत चाललंय आणि त्याच्या पावलांबरोबर रंग बदलतायत. फेलिसा या गावात एकोणीस वर्षं होती. दुकानांच्या काचेआडचे ओपल तिनं खूप बघितले होते. जन्मला त्या जागी, अंधारात, कुणाच्याही हाताचा स्पर्श न झालेला ओपल तिनं कधी बघितला नव्हता. कुणी बघायला नव्हतं तेव्हाही हा इथंच होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि का आलं ते तिला कळेना.

ग्रॅहम तर गुडघ्यावरच बसला. वीस वर्षं तो ज्याच्यासाठी वाळवंट उकरत होता ते त्याच्या बायकोच्या भाड्याच्या घरात होतं. भिंतीशी टेकवून ठेवलेल्या टिकावाकडं त्याचा हात आपोआप गेला.

"ग्रॅहम," तेता अगदी हळू म्हणाली. "हात खाली."

फेलिसानं मागं बघितलं. तेता त्या रेघेकडं बघतच नव्हती. तिची मान वर होती. तिच्या टॉर्चचा उजेड छतावर होता, आणि छतात एक केसाएवढी बारीक तिरकी फट होती. तेतानं नख फटीत घातलं. थोडी भुकटी गळली.

"सगळे बाहेर. पळायचं नाही. बोलायचं नाही. लॅकी, तू आधी. मग फेलिसा. ग्रॅहम, टिकाव तिथंच ठेव, तो तुझा नाही."

"तेता, एकच मिनिट, नुसता एक तुकडा..."

"राडोमिरला पण एकच मिनिट पाहिजे होतं."

ग्रॅहमनं टिकाव सोडला. सगळ्यात शेवटी तेता बाहेर आली, मागं मागं चालत, तोंड बोगद्याकडं आणि नजर छताकडं. फेलिसाला नंतर कितीही वर्षं झाली तरी ते दिसायचं: एवढीशी म्हातारी, एवढाल्या डोंगराला नजरेनं धरून ठेवलेली.

त्या दुपारी कुणी आत गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाण-निरीक्षक आला आणि त्याच्या मागून ते भोकाशी गेले, तेव्हा बोगद्याचा शेवट दिसत नव्हता. जेवणाच्या मेजाएवढी शिळा खाली येऊन बसली होती, बरोबर जिथं ग्रॅहमचे गुडघे टेकले होते तिथं. टिकावाचा दांडा तिच्याखालून वीतभर बाहेर डोकावत होता. ग्रॅहम बाहेर जाऊन बॉयलरवर बसला आणि बराच वेळ त्यानं टोपी तोंडावर धरून ठेवली.

लॅकी बाहेर उभा होता. रात्रीत पळून जाता आलं असतं, पण गेला नव्हता. डेसचा फोन लागत नव्हता.

"आता मला पोलिसात देणार का?" त्यानं तेताला विचारलं.

"ते मालकीण ठरवील. आधी फावडं घे."

निरीक्षकानं आखून दिलं तसं काम सुरू झालं: आधी टेकू, मग दगडमाती ठासून भरायची, मग तोंडाशी काँक्रीटची भिंत. लॅकी महिनाभर राबला. ग्रॅहम कामावरून सुटला की यायचा. तेता उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडायची आणि कुणी हळू झालं की म्हणायची, "माझा पाळणा तुमच्यापेक्षा भरभर चालायचा." विम्याच्या कंपनीनं घरात बेकायदा खोदकाम झालंय म्हणून हात वर केले. अनामत रक्कम मागणीअर्ज करून मिळाली, ती सिमेंटालाही पुरली नाही. घर पाच महिने बंद राहिलं. फेलिसा हप्ता भरत राहिली ती त्या बाजूला ठेवलेल्या पैशांतून, ज्यांना ग्रॅहमचा वारा लागू दिला नव्हता. ते नसते तर घर बँकेचं झालं असतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

भिंत पुरी होत आली त्या दिवशी ग्रॅहम तिच्याकडं बघत म्हणाला, "फेलिसा, तिथं आत माझ्या सात जन्मांची कमाई पडलीय."

"असू दे पडलेली," तेता बादलीवरून म्हणाली. "माझ्या घरांत दोन होत्या अशा रेघा."

फेलिसा आणि ग्रॅहम दोघंही वळले.

"एक काढली. तेव्हा काढायला परवानगी होती. त्यातून तिसरं घर झालं. दुसरी स्वयंपाकघराच्या मागं आहे. तिच्यावर छत उभं आहे, म्हणून ठेवली."

"तुम्ही... तीस वर्षं... तिच्यासमोर भांडी घासताय?" ग्रॅहमचा आवाज चिरकला.

"मग? ती आहे तिथं, मी आहे इथं. छतापेक्षा मौल्यवान काय असतं रे भिंतीत?" तिनं फेलिसाकडं बघितलं. "भिंतीला लेप नीट लाव, कोपरा राहिलाय."

फेलिसानं कोपऱ्याला लेप लावला. तेताच्या स्वयंपाकघरात किती वेळा कॉफी प्यायली होती ती!

यावेळी फेलिसानं जाहिरात दिली नाही. ती इस्पितळातल्या त्या नर्सकडं गेली. वासिती तिचं नाव, फिजीची, रुंद खांद्यांची, हसली की सगळा वॉर्ड हसायचा. ती अजून मोटेलच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. फेलिसानं आधी माफी मागितली, मग जे घडलं ते सगळं सांगितलं, भिंत कुठं आहे तेही आणि निरीक्षकाचा दाखलाही दाखवला. तिच्या आधीच्या घरमालकाला फोन केला. तो जिवंत होता आणि वासिती गेली म्हणून अजून हळहळत होता.

"भाडं?" वासितीनं विचारलं.

"आधी सांगितलं होतं तेच."

वासिती कायम रात्रपाळी करायची. राहायला आल्यावर चार-पाच दिवसांनी ती इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. फेलिसाला वाटलं, झालं, काहीतरी बिघडलं.

"फेलिसा, मी झोपले," वासिती म्हणाली.

"म्हणजे?"

"दिवसा. दहा वर्षांत पहिल्यांदा. खिडकीला काळा कागद नाही, पंखा नाही, कुत्र्यांचं भुंकणं नाही. सकाळी पडले ती एकदम संध्याकाळी उठले. मला वाटलं, मी मेले." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "तुमच्या त्या अंधाराला मी काय म्हणू? माझ्या आईच्या पोटात असल्यासारखं वाटलं."

फेलिसा उलथनं घेऊन तशीच उभी राहिली. अंधार तिला नेहमी घराची उणी बाजू वाटायचा. जाहिरातीत ती तो शब्दच टाळायची. आणि इथं एक बाई त्या अंधारासाठीच भाडं द्यायला तयार होती, आनंदानं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघ, असं तेता म्हणाली होती. मिटलेल्या डोळ्यांनीसुद्धा, हे तेव्हा उमगलं नव्हतं.

वासिती पुढं कितीतरी वर्षं राहिली. नळ गळला तर फेलिसा त्याच दिवशी जायची. ग्रॅहमनं आपली खाण विकली असं नाही, पण शनिवारी सकाळी तो आधी फेलिसाच्या घराचे हवेचे पाइप तपासून मग जायचा. लॅकीला फेलिसानं पोलिसात दिलं नाही. तो पाण्याच्या टँकरवर लागला. आणि फेलिसानं तीन वर्षांनी दुसरं घर घेतलं, तेही कुरूप.

त्या वर्षी डिसेंबरात तेतानं तिला म्हटलं, "एकोणीस तारखेला ये. सेंट निकोलसचा दिवस, आमच्या घराण्याच्या संताचा. कुणाला बोलावणं नसतं, ज्याला यायचं तो येतो. तू लवकर ये, मासे साफ करायचेत." त्या दिवशी उपास असतो, मांस चालत नाही, मासे चालतात. वाळवंटाच्या मध्यावर माशांचा नैवेद्य! ते बर्फाच्या ट्रकमधून साडेआठशे किलोमीटर येतात.

फेलिसाला वाटलं, दहा-पंधरा माणसं असतील. दुपारपर्यंत गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. गाड्या धुळीनं लाल झालेल्या, लांबून आलेल्या. किनाऱ्यावरच्या गावाहून एक निवृत्त पोलीस आला. तो कधीकाळी तेताच्या दुसऱ्या घरात राहिला होता. ॲडलेडहून एक जोडपं आलं, त्यांची मुलगी त्याच घरात जन्मली होती. आता ती कॉलेजात होती आणि आल्या आल्या आपली खोली बघायला पळाली. एक पिकलेल्या केसांची बाई काठी टेकत आत आली, तेताच्या गळ्यात पडली आणि सोडेना. तीच ती पहिली मास्तरीण. वासितीनं नारळाच्या दुधात मासा शिजवून आणला होता. लॅकी बर्फ घेऊन आला आणि दारातच घुटमळला; तेतानं त्याला कान धरून आत घेतलं. मेणबत्ती पेटली, पाव कापला, शिजवलेल्या गव्हाचा गोड घास सगळ्यांच्या हातावर पडला, आणि बारा भाषांचा कलकलाट त्या गार दगडी खोलीत घुमू लागला.

फेलिसा माशांचं ताट घेऊन भिंतीला टेकून उभी होती. कुणाचा भाऊ नाही, कुणाची चुलती नाही. हे बहुतेक सगळे कधीकाळी या बाईला महिन्याच्या महिन्याला भाडं भरणारे लोक. घरमालकिणीला भेटायला कुणी दिवसभर गाडी हाकत येतं? तिनं असं कधी ऐकलं नव्हतं, बघितलं तर नव्हतंच. या बाईनं टिकावानं डोंगरात पोकळी केली होती आणि ती पोकळी एवढ्या माणसांनी भरून गेली होती.

तेता घामाघूम होऊन शेजारी आली.

"तेता, एवढी माणसं का येतात हो तुमच्याकडं?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार." तेतानं रुमालानं कपाळ पुसलं, जरा विचार केला. "नळ गळला की मी त्याच दिवशी जायचे. आणि न सांगता कधी गेले नाही. आणखी काय करणार माणूस?"

मग तिनं फेलिसाच्या हातातल्या ताटाकडं बघितलं.

"आणि तू खांबासारखी उभी काय राहिलीस? वाढ की! लोक उपाशी आहेत."